इंग्लंडमधल्या काउन्सिल निवडणुका आणि निकालाचा दिवस : तुमचे अनुभव सांगा

मे महिन्याचा पहिला गुरुवार आला की इंग्लंडात कुठे ना कुठे काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, निवडणूक असतेच. आपल्यापैकी बरेच जण भारतीय पासपोर्टवरच मत देतात. कॉमनवेल्थ नागरिक म्हणून तो हक्क आहे. इथला पत्ता, चालू व्हिसा आणि यादीत नाव हवं, बस्स. तरी निकालाबद्दल आपल्यात चकार शब्द निघत नाही. तेव्हा मतदार, उमेदवार, मोजणीला बसलेले, पत्रकं टाकत फिरलेले, सगळ्यांनी लिहा. पक्षांवरून हाणामारी मात्र दुसरीकडे. सुरुवात मीच करते.

वोकिंगहॅम
२०२४ साली आमच्याकडे प्रभागांच्या सीमा बदलल्या, म्हणून सगळ्या ५४ जागा एकदम निवडणुकीला निघाल्या. एरवी एक तृतीयांशच निघायच्या. १८ प्रभाग, प्रत्येकी तीन नगरसेवक, म्हणजे एकेका मतदाराला तीन फुल्या, तीन मतं. दारावर येणारा जो तो कचऱ्यावर बोलायचा. निळ्या पिशव्या बंद होऊन चाकांचे डबे येणार होते आणि गाडी दर आठवड्याऐवजी पंधरवड्याने. भारतातून आलेल्या सासूबाई दोन-तीन उमेदवारांचं ऐकून म्हणाल्या, "अगं, हे तर आमच्या वॉर्डातल्यासारखंच बोलतायत की!"

निकाल लागला : लिबरल डेमोक्रॅट २७, कॉन्झर्व्हेटिव्ह १९, लेबर ८. बरोब्बर निम्म्या! बहुमताला एक कमी. आपल्याकडे असतं तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी गुवाहाटीच्या विमानात बसलं असतं. इथे लिब डेमनी अल्पमतातच कारभार चालू ठेवला आणि ऑगस्टमध्ये पंधरवड्याची गाडी सुरूही झाली. आमच्या गल्लीत ज्यांनी त्यावरून सर्वांत जास्त आरडाओरडा केला, त्यांचाच डबा हल्ली अर्धा रिकामा असतो.

मोजणीला बसलेली एक (काउन्सिलचं नाव सांगत नाही)
मी काउन्सिलच्याच एका खात्यात आहे, जादा पैसे मिळतात म्हणून मोजणीला नाव देते. ईव्हीएमची सवय असलेल्यांना सांगते, इथे सगळा कागद आणि पेन्सिल. बोटाला शाईही नाही. स्पोर्ट्स हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, आम्ही एका बाजूला, समोर पक्षांचे लोक छातीला रोझेट (पक्षाच्या रंगाचं रिबिनीचं फूल) लावून. बघायचं, हात लावायचा नाही.

आधी पेट्या उलट्या करून नुसते कागद मोजतात, केंद्राच्या हिशेबाशी जुळतात का ते पाहायला. मग खरी मोजणी. तीन जागांच्या प्रभागात तिन्ही फुल्या एकाच पक्षाला असतील तर सोपं, गठ्ठा बांधून बाजूला. पण लोक भाजी निवडावी तसे उमेदवार निवडतात. हा एक या पक्षाचा, ती दुसऱ्या पक्षाची कारण तिने झेब्रा क्रॉसिंग आणलं. असा प्रत्येक कागद एकीने वाचायचा, दुसरीने मोठ्या तक्त्यावर रेघा मारायच्या, चार उभ्या, पाचवी आडवी. पहाटेपर्यंत डोळे आणि कंबर दोन्ही जातात. म्हणून शुक्रवारी सकाळी मोजणी असली की मी देवाचे आभार मानते.

संशयास्पद कागद वेगळे निघतात. रिटर्निंग ऑफिसरची (निवडणूक अधिकाऱ्याची) माणसं ते एकेक करून उमेदवारांना दाखवतात. फुलीऐवजी टिक चालते, मतदाराचा हेतू स्पष्ट असला की झालं. एकाने एका नावापुढे हसरा चेहरा काढला होता, तो धरला. सगळ्या नावांवरून आडवी रेघ मारून खाली शिवी लिहिलेला बाद. गंभीर चेहऱ्याने सहा माणसं ती शिवी वाचताना पाहणं हा माझा आवडता क्षण.

स्लाव (Slough)
२०२३ मध्ये देशभर कॉन्झर्व्हेटिव्हांचे हजारावर नगरसेवक पडले आणि आमच्याकडे उलटंच! ४२ पैकी २१ त्यांचे, लेबर १८, लिब डेम ३. (इथेही निम्म्यावरच अडकलं, वोकिंगहॅमकर.) कारण उघड होतं. २०२१च्या जुलैत काउन्सिलने सेक्शन ११४ची नोटीस काढली, म्हणजे तिजोरीत खडखडाट. मग निवडणुकीच्याच वर्षी, २०२३ला, काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) ९.९९ टक्क्यांनी वाढला. बिल हातात पडल्यावर महिन्याभरात मतदान. वेगळं काय होणार होतं?

केंट
१ मे २०२५. काउंटी काउन्सिलच्या (आपल्या जिल्हा परिषदेसारखी) ८१ पैकी ५७ जागा रिफॉर्मला, म्हणजे स्थलांतराला विरोध करणाऱ्या पक्षाला. शुक्रवारी ऑफिसात कुणी विषयच काढला नाही. शेजारच्या आजोबांनी कुंपणापलीकडून स्वतःहून सांगितलं की मत त्यांनाच दिलं, "पण तुमच्यासारख्यांबद्दल नाही हं ते." मी हसून मान डोलावली. रात्री नवरा म्हणाला, उत्तर द्यायला हवं होतंस. मला अजून वाटतं की नको. आजोबा आमची पार्सलं घेऊन ठेवतात, आणि इथे राहायचंय.

ऑक्सफर्डशायर
फोटो आयडी विसरू नका! मे २०२३पासून सक्तीचं आहे. भारतीय पासपोर्ट चालतो, तरुणांचं रेलकार्ड नाही. २०२४मध्ये माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन आमच्याच भागातल्या केंद्रावरून ओळखपत्राविना परत गेले, आणि तो कायदा त्यांच्याच सरकारचा!

एक 'कागदी उमेदवार'
पक्षाला प्रत्येक प्रभागात नाव हवं असतं, म्हणून मी उभा राहिलो. आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) असलेला भारतीयही उभा राहू शकतो. अनामत रक्कम नाही, दोन मतदारांच्या सह्या पुरतात. "निवडून येणार नाहीस, काळजी नको," असं सचिवबाईंनी बजावलं होतं. मोजणीच्या दिवशी आमचा गठ्ठा अपेक्षेपेक्षा भराभर वाढायला लागला तेव्हा बायकोचा मेसेज आला, "निवडून आलास तर संध्याकाळच्या मीटिंगा, मुलांचं पोहणं कोण बघणार?" दुसरा आलो. बाईंनी पाठ थोपटली आणि पुढच्या वेळी जिंकण्याजोगा प्रभाग देऊ म्हणाल्या. घरी हे अजून सांगितलेलं नाही.