मदत हवी आहे: बोटीवर टॅब पुरेल की प्लॉटरच (बोटीवर बसवायचा नकाशा दाखवणारा स्क्रीन) घ्यावा लागेल?

डावा_काठ
शनिवारी निघायचंय, म्हणून जरा लवकर उत्तर द्या. टॅबवर चार्टचं (समुद्राच्या नकाशांचं) ॲप आहे, चार्ट उतरवून ठेवलेत. धक्क्यावर बोटीची खूण बरोबर जागी दिसते. बाहेर पडलो की पाच-दहा मिनिटांत ती थिजते, मग एकदम उडी मारून भलतीकडेच जाते. ॲप दोनदा काढून पुन्हा टाकलं, काही फरक नाही. आता वैताग आलाय. सरळ प्लॉटर घेऊ का? घ्यायचा तर सात इंची की नऊ इंची?

वाराबघे
बोट केवढी आहे? शिडाची की नुसती इंजिनाची? रात्री बाहेर असता का? बॅटरी किती अँपिअर-तासाची? यातलं काहीच माहीत नसताना सात की नऊ कसं सांगणार?

जुनी_दोरी
प्लॉटरच घ्या, विषय संपला. मी दोन वर्षं टॅबवर काढली. एकदा भर दुपारी नदीच्या मुखातून आत शिरत होतो, डाव्या हाताला वाळूचा दांडा, ओहोटी लागलेली. नेमकी तेव्हाच स्क्रीनवर तापमानाची सूचना आली आणि टॅब बंद. चार्जिंगला लावलेला होता, त्याने आणखी तापला असणार. केबिनमध्ये सावलीत ठेवून पुन्हा चालू होईपर्यंत मी दोरीला वजन बांधून खोली मोजत बसलो होतो. मुलगी सुकाणूवर होती. तो अर्धा तास मी विसरू शकत नाही.

केबल_जोडणी
जुनी_दोरी, तुमचा अनुभव खरा, पण त्यावरून टॅबच बाद कसा होतो? आयपॅडच्या माहितीपत्रकातच वापरासाठी हवेचं तापमान ० ते ३५ अंश दिलेलं असतं. उन्हात, वरून चार्जिंग चालू, ब्राइटनेस पूर्ण, असं ठेवलं तर कुठलाही टॅब तापणारच. छताखाली ठेवा, निघण्याआधी चार्ज करा, मागून हवा खेळू द्या.
माझ्याकडे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ओपनसीपीएन हे चार्टचं सॉफ्टवेअर आहे, ते मोफत आहे. एनएमईए २००० ची (बोटीवरची उपकरणं जोडणाऱ्या जाळ्याची) माहिती वायफायवर टाकणारा गेटवे बसवलाय. खोली, वारा, एआयएस (आसपासच्या जहाजांची जागा) सगळं टॅबवर दिसतं. डावा_काठ, तुम्हीही हेच करा, मी वायरिंगचं चित्र देतो.

जुनी_दोरी
त्यांची खूण थिजतेय आणि तुम्ही त्यांना गेटवे बसवायला सांगताय. ओल्या बोटांनी तो टॅब चालवून दाखवा आधी. काचेवर खारं पाणी उडालं की आपोआप झूम होतो, नकाशा सरकतो. माझ्या प्लॉटरला बटणं आहेत, हातमोजे घालूनही दाबता येतात.

शांतपाणी
डावा_काठ, एकच विचारते. टॅब नुसता वायफायचा आहे की सिम घालता येणारा?

डावा_काठ
वायफायचा. पण सिमचा इथे काय संबंध? चार्ट उतरवलेत म्हटलं ना, नेट लागतच नाही.

शांतपाणी
संबंध नेटचा नाही, आतल्या जीपीएसचा आहे. आयपॅडच्या वायफाय मॉडेलमध्ये जीपीएस नसतो, सिमवाल्यात असतो आणि तो सिम न घालताही चालतो. बाकी कंपन्यांचं मॉडेलनुसार वेगवेगळं आहे, तुमचं तपासा. जीपीएस नसलेला टॅब आजूबाजूच्या वायफाय राउटरवरून जागा ओळखतो. धक्क्यावर राउटर असतात म्हणून खूण बरोबर दिसते. बाहेर गेलात की राउटर संपले, खूण थिजली. मध्येच शेजारच्या बोटीचा राउटर सापडला की उडी. उपग्रहाचा संदेश टॅबला फक्त ऐकायचा असतो, त्याला मोबाइल नेटवर्क लागत नाही.
ब्लूटूथवर चालणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर मिळतो, तुमच्या टॅबला चालणारा बघून घ्या. शनिवारपर्यंत नाही मिळाला तर तेच ॲप फोनवर टाका. फोनमध्ये जीपीएस असतो. चार्ट मात्र फोनवर वेगळे उतरवायला विसरू नका.

दीपस्तंभ७
बंदरात शिरताना बोयांचे रंग लक्षात ठेवा. आयएएलए या सागरी खुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अ विभागात लाल डाव्या हाताला, ब विभागात लाल उजव्या हाताला. लोक इथे फार गोंधळतात.

वाराबघे
दीपस्तंभ७, माहिती बरोबर आहे, पण हे कोणी विचारलं नव्हतं. झूमबद्दल मात्र मला बोलायचंय, कारण ते टॅब आणि प्लॉटर दोघांनाही लागू आहे. व्हेक्टर चार्ट (साठवलेल्या माहितीवरून स्क्रीनवर काढला जाणारा) झूम कमी असताना तपशील गाळतो. २०१४ च्या व्होल्वो ओशन रेसमध्ये टीम व्हेस्टास विंड ही बोट हिंदी महासागरातल्या कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळ खडकांवर चढली. निष्णात खलाशी, उत्तम उपकरणं, तरी हे झालं. चार्ट पुरेसा जवळून पाहिला नव्हता, म्हणून खडक नजरेतून सुटले. जाण्याचा पूर्ण मार्ग घरी बसून जवळच्या झूमवर हाताचं बोट फिरवत तपासा. कागदी चार्टही सोबत ठेवा.

केबल_जोडणी
कागद भिजतो.

वाराबघे
भिजलेला कागद वाचता येतो. बंद पडलेला टॅब वाचता येत नाही.

शांतपाणी
टॅबचं कव्हर चुंबकाचं असेल तर ते होकायंत्रापासून लांब ठेवा. आमच्या बोटीवर ऑटोपायलट सारखा एका बाजूला ओढत होता. आम्ही दोन दिवस सुकाणूच खोलून पाहिलं. शेवटी लॉकरमध्ये, ऑटोपायलटच्या कंपासच्या अगदी शेजारी, टॅबचं कव्हर सापडलं.

डावा_काठ
शांतपाणी, तपासलं. जीपीएस नाहीच. तीन आठवडे ॲपला दोष देत होतो. फोनवर टाकून धक्क्यापासून लांब चालून पाहिलं, खूण नीट सोबत आली. खूप आभार.
बोट साडेसात मीटरची, शिडाची, सुकाणू दांड्याचं, कॉकपिट उघडं. आता प्रश्न उन्हाचा. फोनची स्क्रीन दुपारी दिसतच नाही.

जुनी_दोरी
म्हणून प्लॉटर म्हणतोय. साधारण टॅबची चमक ५०० निट्सच्या (स्क्रीनच्या चमकेचं माप) आसपास, चांगल्या प्लॉटरची हजाराच्या वर. उघड्या कॉकपिटमध्ये हा फरक पहिल्या दिवशी कळतो. खोलीचा सेन्सरही थेट जोडता येतो. तुमच्या बोटीला सात इंची पुरे, नऊ इंचीला दांड्याजवळ जागा होणार नाही.

केबल_जोडणी
सात इंची प्लॉटर, हे मान्य. टॅब केबिनमध्ये, मार्ग आखायला आणि अडचणीला दुसरा म्हणून. पण दोन्ही एकाच वायरवर, एकाच फ्यूजवर ठेवू नका. तो फ्यूज उडाला तर दोन्ही एकदम जातील.

डावा_काठ
ठीक. शनिवारी फोन आणि कागद, लांब जात नाही, उजेडातच परत. प्लॉटर त्यानंतर. खोलीच्या सेन्सरसाठी बोटीच्या बुडाला भोक पाडावंच लागतं का?

शांतपाणी
बूड फायबरचं आणि एकसंध असेल, मध्ये फोम किंवा लाकडाचा थर नसेल, तर आतून चिकटवायचा सेन्सर मिळतो. भोक लागत नाही. बूड कशाचं आहे?

वाराबघे
आणि बॅटरी किती अँपिअर-तासाची, ते अजून सांगितलं नाहीत.