दोन्ही किडन्या तयारच झाल्या नाहीत. बेसमेंट मेम्ब्रेनचा यात काय संबंध?

अबोली_कराड

मार्चमध्ये विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाभोवती पाणीच नाही, असं निघालं. दोन्ही किडन्या दिसेनात. गर्भ ठेवता आला नाही. मुलगी होती. डोळ्यांना पापण्यांची फटच नव्हती, हातापायांची बोटं जुळलेली. रिपोर्टात ‘फ्रास-१’ जनुकाचं नाव आहे आणि पुढे एवढंच की हे बेसमेंट मेम्ब्रेनचं प्रथिन आहे. समजावून सांगायला दहा मिनिटं मिळाली, तीही सगळी इंग्रजीत.

मी आणि हे मामे-आत्तेभावंडं. घरात म्हणतात, ग्रहणात तू विळी धरलीस. मला खरं काय ते कळायला हवंय. किडन्या होऊन विरल्या, की झाल्याच नाहीत? बाराव्या आठवड्यात सगळं ठीक होतं, ते कसं? आणि एक पातळ पडदा अख्खा अवयव कसा अडवतो?

सुईदोरा

ताई, वाचून पोटात कालवलं. मी पुण्यात सहा वर्षं उंदराच्या गर्भातल्या किडन्यांवर काम केलं, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहिते.

आधी विळीचं. फ्रास-१ च्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) सदोष असणं गर्भ राहिला त्या क्षणीच ठरलं होतं. त्यानंतर तुम्ही काय चिरलंत, काय खाल्लंत, याने त्यात तसूभरही फरक पडला नसता. हे घरात मोठ्याने वाचून दाखवा.

आता किडनी. ती दोन वेगळ्या गोष्टींच्या भेटीतून तयार होते. एका नळीला बारीक कोंब फुटतो, शेजारी मोकळ्या पेशींचा पुंजका असतो, त्याला मेसेन्काइम म्हणतात. माणसात हा कोंब गर्भधारणेनंतर पाचव्या आठवड्यात फुटतो, पाळीपासून मोजलं तर सातव्या. कोंब पुंजक्यात शिरतो, त्याला फाटे फुटत जातात, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाशी पुंजक्यातल्या पेशी गोळा होऊन गाळण्या बनवतात. क्लिफर्ड ग्रोबस्टाइन यांनी १९५० च्या दशकात हे दोन भाग वेगळे करून वाढवून पाहिले. एकटा ठेवलेला पुंजका गाळण्या करत नाही, मरून जातो.

अकरा दिवसांच्या उंदराच्या गर्भातून हा भाग मी दोन बारीक सुयांनी सोडवून घ्यायचे. खसखशीच्या दाण्याएवढा. लॅमिनिन हे प्रथिन हिरवं चमकेल असा रंग दिला की इंग्रजी टी अक्षरासारख्या कोंबाभोवती एक अखंड हिरवी रेघ दिसते. तीच बेसमेंट मेम्ब्रेन. परकराला अस्तर असतं तसं कोंबाला बाहेरून लागलेलं अस्तर. पुंजक्यात सुट्या पेशींभोवती अशी रेघ नसते. त्या नळी बनवायला लागल्या की त्यांच्याभोवतीही उमटते. ती सजावट नव्हे. १९८८ मध्ये पीटर एकब्लोम यांच्या गटाने बशीत वाढणाऱ्या किडनीत लॅमिनिनच्या एका भागाला प्रतिपिंडांनी अडवलं, तर नळ्या बनेनात.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. या अस्तरावर नेफ्रोनेक्टिन नावाचं प्रथिन बसतं. पुंजक्यातल्या पेशींवर त्याला धरणारा हात असतो, अल्फा-८ बीटा-१ इंटेग्रिन. हात लागला की पुंजका जीडीएनएफ हे रसायन सोडत राहतो, आणि त्याच्याच ओढीने कोंब आत शिरून फाटे फोडतो. फ्रास-१, फ्रेम-१ आणि फ्रेम-२ ही तीन प्रथिनं म्हणजे नेफ्रोनेक्टिनला अस्तरावर धरून ठेवणारे टाके. एक टाका नसला की बाकीचेही उसवतात. मग हात रिकामा राहतो, जीडीएनएफ घटतं, कोंब थबकतो, पुंजका मरतो. म्हणजे किडन्या होऊन विरल्या नाहीत, त्यांची सुरुवातच अडली.

हेच टाके गर्भाच्या त्वचेला खालच्या थराशी धरतात, म्हणून डोळे आणि बोटं. सगळ्याचं मूळ एकच.

बारावा आठवडा: तोवर गर्भाभोवतीचं पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचं नसतं. साधारण सोळाव्यानंतर ते लघवीवर अवलंबून राहतं. त्यामुळे बाराव्यात पाणी पुरेसं दिसणं अगदी शक्य आहे.

साताऱ्याचा_बाबा

माझ्या मुलाला आल्पोर्ट आहे, किडनीच्या गाळण्यांचा आनुवंशिक आजार. तिथेही बेसमेंट मेम्ब्रेनच, पण गोष्ट उलटी. किडन्या व्यवस्थित झाल्या. गर्भात गाळणीच्या पडद्यात कोलॅजन-४ या प्रथिनाचा एक प्रकार असतो, पुढे त्याच्या जागी जास्त टिकाऊ प्रकार यावा लागतो. त्याच्यात ती बदली झालीच नाही, बाळपणीचाच पडदा राहिला. सातव्या वर्षी लघवीत रक्त सापडलं, मग कानाची तपासणी केली, कारण या आजारात ऐकूही कमी येऊ शकतं. ताई, आम्हालाही दोष कुणाचा हे विचारणारे भेटले. माझी बायको वर्षभर कुणाकडे गेली नाही.

अबोली_कराड

सुईदोराताई, हे मी यांना वाचून दाखवलं. उसवलेला टाका म्हटल्यावर ते पहिल्यांदा रडले. पुढच्या वेळचं विचारू का?

सुईदोरा

विचारा की. तुम्हा दोघांकडे एकेक सदोष प्रत आहे, बहुधा एकाच आजी किंवा आजोबांकडून आलेली. एका प्रतीने काही होत नाही, म्हणून तुम्ही दोघं ठणठणीत. प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के, दर वेळी तेवढीच. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन नेमका तोच दोष तपासता येतो. त्यासाठी तो तुम्हा दोघांच्या रक्तात पक्का झालेला हवा, आणि हे गर्भ राहण्याआधीच करून घ्या. रिपोर्टाच्या ज्या पानावर दोषाची अक्षरं-आकडे छापलेत, त्या पानाच्या दोन प्रती काढा. एक फाइलमध्ये, एक तुमच्या पर्समध्ये.