मदत हवी आहे: गोठ्यांच्या सांडपाण्यामुळे विहिरीचं पाणी बिघडतंय, तक्रार कुठे करायची?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरजवळ हिंगण्याकडच्या भागात राहतो. वस्तीला लागूनच म्हशींचे मोठे गोठे आहेत. शेण उघड्यावर टाकतात, धुण्याचं पाणी कच्च्या नालीतून सोडतात आणि ते खड्ड्यात मुरतं. पहिल्या पावसानंतर आमच्या विहिरीचं पाणी पिवळसर झालं, बादली भरली की मुताचा उग्र वास येतो.

एक मोठं जनावर दिवसाला साधारण १५ ते २० किलो शेण टाकतं, तेवढेच लिटर मूत्र. आपल्याकडचा खडक बेसाल्टचा, त्याच्या भेगांतून हे सगळं खाली जातं. शेण-मुतातून नायट्रेट नावाचा क्षार पाण्यात उतरतो, पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. शेजारच्या घरात तान्हं बाळ आहे, वरचं दूध याच पाण्यात कालवतात. मला खरी धास्ती त्याची आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची गोठे आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, १९७४ चा जल कायदाही आहे. पण ग्रामपंचायतीत गेलो तर "प्रदूषणवाल्यांकडे जा" म्हणतात.

कोणी अशी तक्रार तडीस नेली आहे का? अर्ज प्रदूषण मंडळाकडे द्यायचा की भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे? नागपुरात नायट्रेट आणि जिवाणू, दोन्हींची तपासणी कुठे होते? गोठेवाल्या दादांचा धंदा बंद पडावा असं मुळीच वाटत नाही. कोणाकडे गोबरगॅस किंवा पक्की टाकी बांधून प्रश्न सुटला असेल तर खर्चासकट सांगा, त्यांना नेऊन दाखवतो.