ट्यूनरचा हिरवा दिवा म्हणजे सूर नव्हे

खर्जवेडा:
रविवारी शाहूपुरीत भावगीतांची तालीम होती. ताईंचा सा पांढरी सहा, म्हणजे ए. तानपुरा जुळवला, मी ट्यूनरवर, म्हणजे सूर तपासायच्या यंत्रावर, गिटारच्या सहाही तारा हिरव्या करून घेतल्या. ए कॉर्ड वाजवला आणि ताई थांबल्या. "गंधार चढतोय रे." पुन्हा तपासलं, सगळं हिरवंच.

दोष तारेत नव्हताच. जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार उमटतो, तो त्याच सप्तकात आणून मोजला तर सापासून 386 सेंटवर (सेंट म्हणजे सुरांतलं अंतर मोजायचं माप) येतो. गिटारच्या पडद्यावरचा 400 वर. लगतच्या दोन पडद्यांत 100 सेंट, त्यातले 14 चढे. तानपुऱ्यासमोर ते खुपणारच.

शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी ठेवलं, त्या गावात आपण पोरांना पहिल्याच दिवशी काटा मध्यावर आणायला शिकवतो. माझं म्हणणं, आधी महिनाभर तानपुरा ऐकवा, मग ट्यूनर हातात द्या.

सहावी_तार:
भावा, कान तयार करा हे मान्य. पण गिटार बेसूर आहे असं पोरांच्या डोक्यात भरवू नकोस.

हा उद्योग मी करून बसलोय. ए कॉर्डमधला गंधार बीच्या तारेवर दुसऱ्या पडद्यात येतो. ती तार 14 सेंट उतरवली, ए एकदम गोड झाला. पुढं डी धरला तर त्यातला वरचा षड्जच उतरलेला, कारण तो त्याच तारेवर तिसऱ्या पडद्यात! ई मध्ये तीच तार मोकळी, तिथं पंचम पडला. एक पडदा सहा तारांखालून सरळ जातो, तो कुणा एका रागाचा नसतो. गॅलिलिओचे वडील विन्चेंझो यांनी 1581 मध्येच ल्यूट या गिटारसारख्या जुन्या युरोपीय वाद्याच्या पडद्यांसाठी, लगतच्या दोन पडद्यांवरच्या तारेच्या लांबीचं सगळीकडं एकच 18:17 चं प्रमाण सांगितलं, ते याच अडचणीतून. गिटारचा पंचम तर जेमतेम 2 सेंट कमी आहे, तो कुणाला खुपतो?

मिरजेची_सतार:
आमच्याकडं पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात. राग बदलला की सरकवायचे. तुमचे ठोकलेले, म्हणून हे दुखणं. शुद्ध गंधारच हवा तर स्लाइड वाजवा, पडदे सोडून तारेवर नळी सरकवा.

सहावी_तार:
स्लाइडवर सहा सुरांचा कॉर्ड कसा धरणार दादा? पेटीचेही सूर असेच ठोकलेले. रेडिओनं 1940 ला तिच्यावर बंदी घातली, ती 1971 पर्यंत चालली. तेवढ्या काळात बैठकीतून पेटी गेली का? गवयी पेटी घेऊनच गात राहिले, आणि गळा आपला सूर धरतोच.

खर्जवेडा:
गळा धरतो, पण झगडून. बीच्या तारेचं तुझं खरं आहे, मी पण डी वर आपटलो. म्हणून काल वेगळं केलं. ए धरताना बीच्या तारेला बोट हलकं टेकवून ती मुकी ठेवली, नुसता सा आणि प वाजवला. गंधार ताईंच्या गळ्याला मोकळा सोडला. अख्खं गाणं झालं, एकदाही थांबल्या नाहीत. ट्यूनरकडं बघून हे मला कधीच सुचलं नसतं.

सहावी_तार:
हे पटलं. मधल्या म्युझिकला मात्र भरलेला कॉर्ड वाजव, नाहीतर पोकळ वाटेल. आणि नट, म्हणजे पहिल्या पडद्याच्या आधी तारा टेकतात ती पट्टी, बघून घे. तिथं तारा उंच असतील तर पहिल्या दोन पडद्यांवर दाबतानाच सूर चढतो, मग तुझे 14 चे 20 होतात.