मदत हवी आहे : काटेसावरीची बोंडं फुटण्याआधी उतरवता येतात का?

आमच्या आवारात तीन मजल्यांच्या वर गेलेली काटेसावर आहे. एप्रिलमध्ये बोंडं तडकली की दोन-अडीच आठवडे अंगणात बर्फ पडल्यासारखा कापूस उडतो. प्रत्येक पुंजक्यात मिऱ्याहून लहान काळी बी. खिडक्या, कूलरची मागची जाळी, गच्चीवरची टाकी, सगळीकडे तोच. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे या दिवसांत खिडक्या बंदच ठेवाव्या लागतात.

आतापर्यंत खिडक्यांना बारीक जाळी लावली, टाकीचं झाकण कापडाने बांधलं. कोरडा झाडू मारला की कापूस आणखी उडतो, म्हणून आधी पाणी शिंपडून गोळा करतो. ढीग पेटवत नाही. ठिणगी पडली तर क्षणात भडकेल.

झाड तोडायचं नाही. फेब्रुवारीत लाल फुलांवर मैना, भोरड्या, शिंजीर यांची जी झुंबड उडते, ती आम्हाला हवीच आहे. खोडाला अजून काटे आहेत, त्यामुळे चढणारा माणूस मिळत नाही. कापूस उशीत भरायला कुणी नेणार असेल तर आनंदच.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: बोंडं हिरवी असताना काढायची की तपकिरी व्हायला लागल्यावर? आणि न चढता, फांद्या न मोडता, एवढ्या उंचीवरून ती कशी उतरवलीत?