मदत हवी आहे : आधी सीड फंड की आधी एंजल?

नमस्कार मंडळी. मी आणि माझा मित्र पुण्याजवळ भोसरीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनच्या स्पिंडलवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, बसणारा सेन्सर बनवतोय. बेअरिंग जायच्या आधी कंपनातला फरक पकडून तो मोबाईलवर इशारा देतो. एका वर्कशॉपमध्ये प्रोटोटाइप चालू आहे, कूलंट उडून केबलची वाट लागते ते वेगळं. डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, स्टार्टअप म्हणून मान्यता आहे.

आता एक ओळखीचे उद्योजक एंजल म्हणून, म्हणजे स्वतःच्या खिशातले, पैसे घालायला तयार आहेत, पण हिस्सा बराच मागताहेत. दुसरीकडे सुरुवातीच्या भांडवलासाठी केंद्र सरकारची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना. प्रोटोटाइपसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान, बाजारात उतरण्यासाठी 50 लाखांपर्यंत कर्ज किंवा कन्व्हर्टिबल डिबेंचर (नंतर शेअर्समध्ये बदलता येणारं कर्ज), तेही इनक्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना आधार देणारी संस्था) आणि टप्प्याटप्प्याने. अट अशी की अर्ज करताना कंपनी स्थापन होऊन 2 वर्षांपेक्षा जास्त झालेली नको. आमची मुदत जवळ आलीय, म्हणून ही घाई.

शेअर्सच्या वाजवी किमतीपेक्षा जास्त मिळालेल्या पैशावरचा एंजल टॅक्स 2024 च्या बजेटमध्ये गेला, त्यामुळे ती धास्ती नाही. सिडबीचा (लघुउद्योगांसाठीची बँक) 10,000 कोटींचा फंड ऑफ फंड्स थेट स्टार्टअपला पैसे देत नाही, स्टार्टअपमध्ये गुंतवणूक करणाऱ्या व्हेंचर फंडांना देतो, म्हणजे आमच्या कामाचा नाही.

पुण्यातल्या इनक्युबेटरकडून कुणी सीड फंड घेतलाय का? अर्ज केल्यापासून पहिला हप्ता हातात पडेपर्यंत किती काळ गेला? इनक्युबेटरने स्वतःसाठी शेअर्स मागितले का? आणि डिबेंचर डोक्यावर असताना नंतरचा एंजल कुरकुर करतो का? हार्डवेअरवाल्यांनी जरूर लिहा, ॲपवाल्यांचं गणित वेगळं असतं.