टेबल दोन फुटी, सेन्स मात्र प्रो खेळाडूची: माउसला जागा किती लागते आणि कोपर कुठे टेकवायचं?

काटकोन (धागाकर्ता)

नवा गेमिंग माउस आला की पहिल्याच दिवशी एखाद्या नावाजलेल्या खेळाडूची सेन्स (सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस सरकवला की गेममधली नजर किती वळते तो आकडा) शोधून जशीच्या तशी टाकली जाते. माझं म्हणणं असं की आधी टेबल मोजा, सेन्स त्यानंतर ठरवा.

गणित सोपं आहे. डीपीआय (माउस एक इंच सरकला की किती पायऱ्या मोजतो तो आकडा) गुणिले गेममधली सेन्स, जो आकडा येईल त्याने व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेमसाठी १३०६३ ला भागा, सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २) साठी ४१५६४ ला. उत्तर म्हणजे पूर्ण ३६० अंश फिरायला माउस किती सेंटिमीटर सरकवावा लागतो ते. व्हॅलोरंटमध्ये ८०० डीपीआय आणि ०.३५ सेन्सला ४६.७ सेमी येतात, म्हणजे नुसतं मागे वळायला २३ सेमी.

आता पॅड घ्या ४५ सेमी रुंदीचं. माउस स्वतः साडेसहा सेमी रुंद. मधोमध धरला तर प्रत्येक बाजूला खरी जागा उरते १९ सेमी. मागून पावलं ऐकू आली की डावीकडे वळताना माउस कीबोर्डवर आदळणार, उजवीकडे वळताना पॅडवरून उतरणार. याच पॅडवर सेन्स ०.४३ केली की मागे वळणं १९ सेमीत बसतं.

दुसरं म्हणजे नंबरपॅडवाला कीबोर्ड. तो ४४ सेमी, पॅड ४५, तीन फुटी टेबल तेवढ्यात भरलं. मॉनिटर मधोमध असेल तर डब्ल्यूएएसडी या चालण्याच्या चार कळांवरचा डावा हात शरीराच्या मध्यापासून जवळजवळ ३८ सेमी बाहेर जातो. मग माणूस नकळत अख्खं अंग डावीकडे सरकवतो आणि तासन् तास मान वाकडी करून मॉनिटरकडे बघत बसतो. जागाच नसेल तर लो सेन्सचा (कमी आकडा, म्हणजे माउस जास्त सरकवावा लागतो) अट्टहास सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सांगलीकर ८००

गणित बरोबर, निष्कर्षाशी असहमत. व्हॅलोरंट काय किंवा सीएस काय, राउंडमध्ये १८० अंश वळायची वेळ किती वेळा येते? क्रॉसहेअर (नेमाची खूण) डोक्याच्या उंचीवर आणि कोपऱ्याच्या कडेला आधीच धरलेलं असेल तर बहुतेक फ्लिक (नेम झटक्यात शत्रूवर नेणं) ३० अंशांच्या आत असतात. तुमच्या ०.३५ वर ९० अंशांना पावणेबारा सेमी लागतात, तेवढे ४५ च्या पॅडवर आरामात मिळतात. क्वचित येणाऱ्या वळणासाठी रोजची बारीक नेमबाजी का बिघडवायची?

माउस पॅडबाहेर जातो तो सेन्समुळे नव्हे, उचलून परत मध्ये ठेवायची सवय नसते म्हणून. प्रत्येक वळणानंतर, पळताना, दार उघडताना माउस उचला आणि मध्यावर आणा. सॉफ्टवेअरमध्ये लिफ्ट-ऑफ अंतर (माउस किती उचलेपर्यंत हालचाल टिपत राहतो ते) १ मिमीवर ठेवा. ते जास्त असेल तर उचलतानाही क्रॉसहेअर हलतं आणि लोक उचलायलाच घाबरतात.

जागा कीबोर्डकडून काढून घ्या. टेनकीलेस (नंबरपॅड नसलेला कीबोर्ड) घेतला की ८ सेमी तिथेच सुटतात. तो तिरका ठेवला की आणखी जागा होते.

काटकोन

तिरक्या कीबोर्डबद्दल जरा कागदावर आकृती काढून बघा. ३६ बाय १३ सेमीचा टेनकीलेस ४५ अंशांत फिरवला तर तो टेबलाची रुंदी व्यापतो ३४.६ सेमी. म्हणजे रुंदीत दीड सेमीसुद्धा वाचत नाही. उजवं टोक मॉनिटरकडे ढकललं तर कीबोर्डच्या पुढे, तुमच्या पोटाच्या बाजूला एक त्रिकोण मोकळा होतो. फायदा तेवढाच, आणि तोही माउस टेबलाच्या पुढच्या भागात फिरवणाऱ्यालाच.

त्याची किंमत डावं मनगट मोजतं. फोरआर्म (कोपर ते मनगट) सरळ समोर आणि कीबोर्ड डावीकडे तिरका असेल तर हात करंगळीच्या बाजूला वाकतो. हे टाळायचं तर अख्खा कीबोर्ड डाव्या खांद्याच्याही डावीकडे न्यायला हवा, आणि तीन फुटी टेबलावर तेवढी जागा नसते.

मनगट मोकळं

दोघंही रुंदीवर भांडताय, पण आपल्याकडच्या टेबलांची खरी अडचण डेप्थची आहे.

टेबल ६० सेमी डेप्थचं. मॉनिटरचा मूळ स्टँड त्यातले २० ते २२ सेमी खातो. हाताशी उरले ३८. कोपर टेबलाच्या कडेवर टेकवलं तर मुठीतला माउस कडेपासून ३३-३५ सेमी आत असतो. पुढे ढकलायला आणखी दहा सेमी हवेत, तर तिथे स्टँडचा पाय. म्हणून "पूर्ण फोरआर्म टेबलावर ठेवा" हा सल्ला ८० सेमीच्या टेबलांसाठी ठीक, आपल्या दोन फुटी टेबलाला लागू नाही.

इथे कोपर टेबलाबाहेरच हवं. फोरआर्मचा पुढचा दोन तृतीयांश भाग टेबलावर, कोपर कडेपासून ८-१० सेमी बाहेर आणि ९० ते ११० अंशांत उघडं. आर्मरेस्ट टेबलाच्या पातळीला आणून कोपराखाली द्या. माउस मग कडेपासून २५ सेमीवर येतो आणि पुढे जागा उरते.

कोपराचं हाड टेबलाच्या कडेवर दाबून बसू नका. तिथून अल्नर नस अगदी कातडीलगत जाते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या तर दाब तिथे पडतोय असं समजा. अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होत असतील तर भानगड मनगटात आहे, म्हणजे तळहाताची टाच रोवून नुसत्या मनगटाने माउस झटकला जातोय. मुंग्या काही दिवसांत थांबल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखवा, पॅड बदलत बसू नका.

सांगलीकर ८००

नसेबद्दल पूर्ण सहमत, आर्मरेस्टबद्दल अजिबात नाही. स्वस्त खुर्च्यांचे आर्मरेस्ट प्रत्येक बाजूला एक-दोन सेमी डुलतात, आणि कोपराचा टेकू हलला की त्यावर बेतलेली नेमबाजीही हलते. शिवाय कोपर आर्मरेस्टवर रुतलं की हात फिरतो फक्त कोपराभोवती. माउस सरळ रेषेत न जाता कमानीत जातो आणि लांब फ्लिकच्या शेवटी क्रॉसहेअर वर किंवा खाली घसरतं. खांदा मोकळा हवा. आर्मरेस्ट टेबलाखाली जातील इतके खाली करा आणि भार फोरआर्मच्या मांसल भागावर घ्या.

स्टँडची अडचण मात्र खरी आहे. मॉनिटर आर्म (टेबलाच्या कडेला क्लॅम्पने लावायचा, मॉनिटर अधांतरी धरणारा दांडा) लावा, २० सेमी परत मिळतात. फक्त टेबल पार्टिकल बोर्डचं असेल तर क्लॅम्पच्या वर आणि खाली लोखंडी पट्टी द्या, नाहीतर बोर्ड चेपतो. भिंतीला चिकटलेल्या टेबलावर आर्मचं कोपर मागे जायलाही जागा लागते, ती मोजूनच घ्या.

फळीवाला

उंचीचा मुद्दा कुणीच काढला नाही. सुताराकडून केलेलं टेबल बहुधा ७५ सेमी म्हणजे अडीच फूट उंच असतं. साडेपाच फूट उंचीचा माणूस ४५ सेमीच्या सीटवर ताठ बसला तर त्याचं कोपर जमिनीपासून साधारण ६६-६८ सेमीवर येतं. म्हणजे टेबल सात-आठ सेमी उंच. खांदा वर उचलला जातो, मान आणि खांद्याच्या मधला स्नायू भरून येतो, आणि दोष माउसच्या वजनाला दिला जातो. खुर्ची सात-आठ सेमी वर घ्या आणि तेवढ्याच उंचीचा पाट किंवा लाकडी ठोकळा पायाखाली द्या. नवं टेबल करून घेत असाल तर ६८-७० सेमी सांगा.

जुन्या कॉम्प्युटर टेबलचा सरकता ट्रे माउसला चालत नाही. पुढच्या कडेवर हाताचा भार आला की चॅनेल खाली झुकतात, आणि डेप्थही जेमतेम फूटभर.

कड बघा. १८ मिमी प्लायवर सनमायका लावलेली काटकोनी कड हातात रुतते. सनमायका घासून गोल करू नका, आतला तपकिरी थर उघडा पडतो आणि धारदार कपचे निघतात. पुढे लाकडी पट्टी लावून तिला ५-६ मिमीची गोलाई द्यायला सांगा. स्वस्तातला उपाय म्हणजे एसीच्या पाइपवर असते ती काळी फोमची नळी, आतून पाऊण इंची, उभी चिरून कडेवर बसवायची. तिची जाडी ६ मिमीच घ्या. जास्त जाड घेतली तर फोरआर्म पॅडपासून उचलला जातो.

वसईची दमट हवा

पावसाळ्यात वरचं सगळं गणित बदलतं. जून ते सप्टेंबर कापडी पॅड ओल धरतं, घामाने उघडा फोरआर्म चिकटतो, मग जोर वाढतो आणि फ्लिक आधी अडकून नंतर पुढे निसटतो. मनगट ते कोपर झाकणारी लायक्राची बाही घाला. ९० सेमीचं लांब पॅड असेल तर बाही हवीच, कारण अख्खा हात कापडावरच घासतो. पॅड गार पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत, पंख्याखाली दोन दिवस वाळवा. कडक उन्हात टाकलं तर रबराची बाजू कडेला वळते. काचेचं पॅड ओल धरत नाही, पण हात त्यावरही चिकटतो आणि माउसचे स्केट (तळाच्या गुळगुळीत पट्ट्या) लवकर झिजतात.

काटकोन

फळीवाल्यांची उंची आणि मॉनिटर आर्म, दोन्ही मान्य. तरी सेन्सवर ठाम आहे. सांगलीकरांचा हिशोब टॅक्टिकल शूटरपुरता, म्हणजे व्हॅलोरंट-सीएससारख्या गेमपुरता चालतो. एपेक्ससारख्या गेममध्ये शत्रू सतत इकडून तिकडे उड्या मारतो, सलग ट्रॅकिंग (हलत्या शत्रूवर नेम धरून ठेवणं) लागतं, आणि तिथे मध्येच माउस उचलला की नेम तुटला. अशा गेमला ३६० अंशांना ३० ते ३५ सेमी लागतील अशी सेन्स ठेवा. आणि टेबल ४५ सेमी डेप्थचं स्टडी टेबल असेल तर?

मनगट मोकळं

४५ च्या टेबलाला मॉनिटर आर्म किंवा भिंतीवरचा ब्रॅकेट, त्याशिवाय मार्ग नाही. पॅड आडवं ४५ बाय ४० चं घ्या आणि पुढे दोन-तीन सेमी कडेबाहेर लोंबू द्या, कड आपोआप झाकली जाते. आणि डोळा ते स्क्रीन अंतर हाताच्या लांबीइतकं तरी ठेवा. मॉनिटर मागे सरकत नसेल तर खुर्ची मागे घ्या. कोपर तेव्हा टेबलाबाहेर जाणारच, त्याला आधार द्यायला घट्ट आर्मरेस्ट लागेल.

सांगलीकर ८००

घट्ट असेल तर हरकत नाही. तपासायचं कसं, तर कोपर टेकवून मनगट न हलवता माउस डावीकडून उजवीकडे ३० सेमी सरळ ओढा, समोर पेंटमध्ये रेघ काढत. विंडोजमधलं पॉइंटर प्रिसिजन (माउसच्या वेगानुसार पॉइंटर कमी-जास्त पळवणारी सोय) बंद ठेवा आणि रेघ पूर्ण ३० सेमी मावेल इतका डीपीआय कमी करा. रेघेची दोन्ही टोकं खाली वळलेली दिसली तर हात कोपराभोवती फिरतोय. आर्मरेस्ट एक खाच खाली करा आणि परत ओढून बघा.